दोर हलला की

रहाटाची खुंटी मी नंतर घातली, हे वर्षभर फक्त दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरा देव. त्यातलं एक जण मूग गिळून बसलं होतं, आणि तो देव नव्हता.

आमचं घर विहिरी खोदणाऱ्यांचं. सासऱ्यांनी खोदल्या, मग ह्यांनी आणि भावजींनी खोदल्या. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच महिन्यात माझ्या तळहातांना रहाटाच्या दांड्याचे घट्टे पडले. कामं वाटलेली होती. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, खाली उतरायचे. त्यांचं अंग मांजराचं. हे काठावर वाकून दोर सरळ धरायचे, म्हणजे भरलेली डोल, आमची मातीची बादली, वर येताना भिंतीवर आपटत नाही. रोज उतरण्याआधी कंदील पेटवून खाली सोडायचा, तोही ह्यांनीच. कंदील तळापर्यंत जळत राहिला तर हवा चांगली. विझला तर त्या दिवशी खाली कोणी जायचं नाही, मग मालक वर उभा राहून कितीही ओरडो. रहाट माझ्याकडे. डोल ओढताना मध्येच थांबायचं झालं, तर रहाटाच्या भोकात लाकडी खुंटी घालायची आणि मग दांडा सोडायचा.

सासऱ्यांचा आणखी एक नियम होता. खालून दोर तीनदा हलला की वरच्याने विचार करायचा नाही, ओढायचं. तोंडात घास असेल तर तो थुंकायचा आणि ओढायचं. पोर तान्ही असताना मी तिला छातीपासून तोडून मातीत ठेवलं होतं आणि धावले होते. सासरे दोन दिवस सगळ्यांना सांगत होते की सून घरात शोभते.

तर गेल्या वर्षी उन्हाळ्यात मुरमाने भरलेली डोल वर येत होती. माझ्या डोळ्यात घाम गेला. खुंटी पायाशी पडलेली. कोण वाकणार, म्हणून एका हाताने दांडा धरला आणि दुसऱ्याने डोळा पुसायला गेले. ओल्या हातातून दांडा निसटला आणि रहाटाने दोन वेढे गरगर सोडले. मी झडप घालून तो धरला, पण त्या हिसक्याने डोल आकड्यातून उडाली होती. भावजींनी अंग चोरलं म्हणून डोकं वाचलं. खांद्याचं हाड मोडलं. हे काठावर पोटावर पडून खाली ओरडत होते, एवढी मोठी पोर रडत होती, आणि त्या गोंधळात मी खुंटी उचलून भोकात घातली.

बस, एवढंच केलं. कोणी बघितलं असतं तर दोन शिव्या खाल्ल्या असत्या आणि विषय मिटला असता. पण खुंटी जागेवर म्हटल्यावर माझ्याकडे कोण बघतो? राहिले दोघे भाऊ. भावजी म्हणाले, दादाने दोर धरायचा सोडून हात काढला, म्हणून डोल भिंतीला आपटून सुटली. हे म्हणाले, आकडा यानेच खालून नीट अडकवला नव्हता. शब्दाने शब्द वाढला. ह्यांनी धाकट्या भावाला चार माणसांत खोटारडा म्हटलं. त्याच महिन्यात सामानाची वाटणी झाली. मोठा रहाट आणि सासऱ्यांचा कंदील आमच्याकडे, लांब दोर आणि आकडे त्यांच्याकडे. मी दोर मोजून देत होते. तेव्हाही बोलले नाही.

*

दोन वर्षं पाऊस नीट झाला नव्हता. आम्ही वखारवाल्याच्या जमिनीत सहा आठवडे खोदत होतो आणि नऊ परस, म्हणजे नऊ पुरुष खोल जाऊनही नुसता कोरडा खडक. भावजी नव्हते, त्यामुळे हे स्वतः उतरायचे. वय पन्नाशीच्या पुढे, उजवा गुडघा सुजलेला. संध्याकाळी वर आले की बराच वेळ हातापायांवरच बसून राहायचे आणि मग एकेक पाय सरळ करायचे. काठावर ह्यांच्या जागी आता पोर, एकोणीस वर्षांची. वखारवाला छत्री उघडून लाकडाच्या ओंडक्यावर बसायचा आणि म्हणायचा, "बायकांच्या हाताने कधी पाणी लागलंय का? शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर यंत्र आणतो."

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. आमचे पाळक दर महिन्याला एक वाक्य म्हणतात, की ज्याचं कोणाशी काही अडलं असेल त्याने आधी उठून ते मिटवावं, मग भाकर घ्यावी, आम्ही थांबतो. म्हणतात खरे, पण थांबत कधी नाहीत. त्या दिवशी कोण जाणे काय झालं, ते खरंच थांबले. चष्मा काढून पुसत बसले.

भावजी पलीकडच्या बाजूला, तीन बाक पुढे होते. त्यांचा एक खांदा आता खालीच असतो. सदरा त्या बाजूने ओघळलेला दिसतो. मी त्या खांद्याकडे बघत होते आणि मला सांगितलं गेलं, ऊठ.

आवाज वगैरे काही आला नाही. मी काही दृष्टान्त होणाऱ्यातली बाई नाही. खालून दोर हलतो तेव्हा तो हाताला कळतो, तसं आत कळलं. ऊठ, जा, सांग.

तीन बाक. दहा पावलं. माझे पाय हलले नाहीत. मनात म्हटलं, देवा, इथे सगळ्यांसमोर नको, ह्यांचं तोंड कुठे राहील? घरी जाऊन सांगते. बघा, ह्यांच्या तोंडाची काळजी! वर्षभर ह्यांना भावाविना ठेवलं तेव्हा ती नव्हती. पाळकांनी चष्मा घातला, भाकरीचं ताट फिरलं, माझ्यापर्यंत आलं. शेजारची बघत होती. मी तुकडा उचलला आणि खाल्ला. 

सोमवारी पहाटे भांडी घासताना पुन्हा कळलं. जा. मी म्हटलं, हो देवा, आज दुपारी. दुपारी पहारीचं टोक बोथट झालं आणि ते घेऊन मला लोहाराकडे पळावं लागलं. लोहाराच्या भट्टीपासून भावजींचं घर हाकेवर आहे. मी तिथे उभी राहून टोकाला धार लावून घेतली आणि परत आले. ह्यांना खाली ताटकळत ठेवायचं का, असं स्वतःलाच विचारलं आणि उत्तरही स्वतःच दिलं.

मंगळवारी तर मी कारणही शोधलं नाही. नुसतं उद्या म्हटलं.

*

बुधवारी संध्याकाळी नळावर जाऊबाई भेटली. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी वाटणीनंतर तिच्याशी पाणी भरण्यापुरतं बोलते, ती मात्र मला अजून ताईच म्हणते. पाण्याची धार करंगळीएवढी, रांग मोठी, म्हणून वेळ होता.

"काम आहे का काही?" मी विचारलं.

"आहे ना. शाळेमागची जुनी विहीर साफ करायला घेतलीय. उद्यापासून."

माझ्या हातातली कळशी कलंडली. ती विहीर बारा वर्षं पत्र्याने झाकलेली होती. आत पालापाचोळा कुजत पडलेला. सासऱ्यांनी ती एकदा बघितली होती आणि म्हणाले होते, ही आतून श्वास घेत नाही.

"हवा बघितली का?"

"बघतील की. ते कागद पेटवून टाकतात."

"कागद?"

"जळत खाली गेला की म्हणतात ठीक आहे."

असं फक्त भावजीच करू शकतात. जन्मभर ते खाली उतरले, कंदील सोडायचं काम कायम वरच्याचं. कागद भसाभस पेटतो आणि सुळकन खाली जातो, वाईट हवेत त्याची आग विझायच्या आत तो तळाला पोचलेला असतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, जळत गेला. कंदील हळूहळू सोडावा लागतो, हात-हातभर.

"अगं, कागदाने काही कळत नाही! कंदील कोणाचाही आणा ना. घरोघरी आहेत."

"मी म्हटलं होतं," ती खाली बघत म्हणाली. "म्हणाले, बाबांचा कंदील दादाच्या घरात आहे, तर मग मला कुठलाच नको. तुम्हाला माहीत आहे ना त्यांचं."

माहीत होतं. त्या घरात रुसवा वारसाहक्काने येतो. आणि तेव्हा आत असा हिसका बसला की मी नळाचा खांब धरला. सांग. आत्ता. इथे. माझ्या मागे सात बायका उभ्या होत्या आणि पुढची म्हणत होती, "अहो, भरायचं का नाही?"

मी जाऊबाईचं मनगट धरलं. "उद्या मी येईपर्यंत त्यांना उतरू देऊ नकोस. सकाळीच कंदील घेऊन येते. आणि त्यांना सांग, वहिनीला एक सांगायचंही आहे."

"काय सांगायचंय?"

"त्यांनाच सांगेन."

तिचा चेहरा एकदम उजळला. तिला वाटलं असेल, दोन घरं पुन्हा एक होतायत. कळशी डोक्यावर घेऊन ती जवळजवळ पळतच गेली.

रात्रीच्या जेवणाआधी मी ह्यांना म्हटलं, "कंदील उद्या भावजींना नेऊन देते. शाळेमागची विहीर घेतलीय त्यांनी."

हे गुडघ्याला तेल चोळत होते. हात थांबला. मला वाटलं आता भडकतील. त्यांनी तेलाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "ती विहीर? मूर्ख आहे तो." आणि थोड्या वेळाने म्हणाले, "काच पुसून दे. आणि वात नवीन घाल."

मी काच पुसली. इतकी की पोर म्हणाली, "आई, फुटेल ती." वर्षभरात पहिल्यांदा मला वाटलं, होईल. सकाळी सांगेन, ते रागावतील, हे रागावतील, मी ऐकून घेईन, पण होईल. तेव्हाच का गेले नाही? दिवस मावळला होता एवढंच. वीस मिनिटांची वाट होती.

*

गुरुवारी सकाळी ह्यांनी आमच्या विहिरीत कंदील सोडला. व्यवस्थित जळला. वर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चार डोल काढ माझ्या आणि मग जा. परतेपर्यंत मी पहारीचं काम करतो."

चार डोल म्हणजे किती वेळ? मी कंदील ओंडक्याच्या सावलीत ठेवला. वखारवाला छत्री घेऊन आला होता, त्याचे दोन हमाल मागे रिकामे बसून दात कोरत होते.

पहिली डोल कोरडी. दुसरी कोरडी. तिसरी डोल वर आली आणि पोरीने तिच्यात हात घातला. तिने तो हात माझ्या गालाला लावला. गार होता.

"आई, ओल!"

खालून ह्यांचा आवाज आला, "ओल लागली गं! लवकर लवकर काढा, फट दिसतेय!"

वखारवाला छत्री टाकून उठला. चौथ्या डोलीत चिखल होता. मी चौथी रिकामी केली, आणि अगदी त्याच वेळी आत कळलं. जा.

मी देवाला म्हटलं, हो, ही एवढी एक.

पाचवी, सहावी. खालून दोर हलायचा आणि माझे हात आपोआप चालायचे. सहा आठवड्यांची कोरडी माती तोंडात होती, आणि आता पाणी येत होतं. हे खाली हसत होते, नऊ परस खालून हसण्याचा आवाज येत होता. जा. हो देवा. माणूस खाली पाण्यात उभा आहे, त्याला टाकून कशी जाऊ? सातवी. जा. रहाट पोरीला एकटीला झेपत नाही, तुलाच माहीत आहे. आठवी.

खरं ते सांगते. हमाल रिकामे बसले होते. दोघेही माझ्याहून दुप्पट ताकदीचे. वखारवाल्याला म्हणायचं होतं, माझ्या जागी एकाला उभा करा, मला जायचंय. एवढं एक वाक्य. त्या आनंदात त्याने दहा माणसं दिली असती. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं, पाचव्या डोलीच्या वेळीच. पण त्याने म्हटलं होतं ना, बायकांच्या हाताने पाणी लागत नाही. मला त्याला ते माझ्या हाताने वर आलेलं दाखवायचं होतं.

बाराव्या डोलीत नुसतं पाणी होतं, गढूळ, काठोकाठ. वखारवाल्याने त्यात ओंजळ बुडवली आणि तोंडावर मारली. मी तेव्हा कंदिलाकडे बघितलं. सावली सरकली होती. कंदील उन्हात पडला होता आणि काचेला हात लावला तर चटका बसला.

एका हमालाला रहाटावर उभं केलं, कंदील उचलला आणि मी पळाले.

*

शाळेच्या खिडक्यांतून मुलं डोकावत होती आणि बाई त्यांना आत ओढत होत्या. विहिरीच्या काठावर भावजींनी लावलेले दोन मजूर आणि जाऊबाई. ती दोर दोन्ही हातांनी धरून खाली वाकली होती. माझी चाहूल लागताच वळली.

"ताई, आलात? बघा ना, बोलतच नाहीत."

मी काठावर आडवी झाले. "भावजी!" खाली काळोख होता आणि कुजका वास. "भावजी! अहो भावजी!" माझाच आवाज भिंतींना लागून वर आला.

"केव्हा उतरले?"

"आत्ताच थोड्या वेळापूर्वी. पहिलीच डोल होती. दोर एकदा हलला, आम्ही ओढलं, तर रिकामीच वर आली." ती मोठमोठ्याने बोलत होती, जणू मीच विहिरीत होते. "सकाळपासून बसले होते हो ते. त्या पायरीवर. हेडमास्तर दोनदा येऊन गेले, तरी म्हणाले, वहिनी बोलल्यात म्हणजे येणार. मला चार वेळा रस्त्यापर्यंत पाठवलं. पायरीवर ऊन आलं तेव्हा उठले. म्हणाले, दादाने वहिनींना सोडलं नसेल. मग कागद टाकला. तळापर्यंत जळत गेला ताई, मी बघितला!"

माझे हात कंदील पेटवत होते. काडी तीनदा विझली. तो मी सोडला, हात-हातभर. दोन परसांवर ज्योत पिवळी पडली. तिसऱ्या परसावर बारीक झाली, निळी झाली आणि गेली.

एक मजूर कमरेला दोर बांधायला लागला होता. मी त्याचा हात धरून त्याला मागे ढकललं. "कोणी उतरायचं नाही! वखारीत पळ, ह्यांना घेऊन ये! तू झाडाच्या फांद्या तोड!" फांद्यांचा मोठा भारा दोराला बांधला आणि आम्ही तिघांनी तो विहिरीत वरखाली, वरखाली केला, म्हणजे कोंडलेली हवा हलते. बादल्यांनी पाणी ओतलं. शाळेच्या पिंपातलं सगळं पाणी गेलं. जाऊबाई भारा ओढताना एकच म्हणत होती, "देवा, देवा, देवा." मला तेही म्हणता येत नव्हतं. कोणत्या तोंडाने म्हणू?

हे आले. कमरेपर्यंत भिजलेले, अंगावर आमच्या विहिरीचा ओला चिखल, गुडघा ओढत. मागे पोर. ह्यांनी काही विचारलं नाही. कंदील पुन्हा पेटवला, सोडला. या वेळी तो तळापर्यंत गेला, मिणमिणता, पण गेला. त्यांनी ओलं फडकं तोंडाला बांधलं, कमरेला दोर बांधला, आणि पाय आत टाकून माझ्याकडे बघितलं.

"खुंटी आहे ना जवळ?"

रोज विचारायचे, तसंच.

"आहे," मी म्हटलं.

भावजींच्या रहाटावर मी आणि एक मजूर. हे आत गेले. दोर सरकत राहिला आणि मग सैल पडला. मी मोजत नव्हते, पण पोर मोजत होती, मोठ्याने. साठ झाले, सत्तर झाले. मग दोर तीनदा हलला.

ओढलं. घाम डोळ्यांत गेला, मिठासारखा झोंबला. मी डोळे उघडे ठेवले. पुसला नाही. आधी भावजी वर आले, दोरात बांधलेले, मान छातीवर पडलेली, तो एक खांदा खाली. मग दोर पुन्हा सोडला आणि ह्यांना वर काढलं. हे काठावर ओकले आणि तसेच हातांवर सरपटत भावाजवळ गेले.

दवाखान्यातून डॉक्टर आले तोपर्यंत ह्यांनी त्यांची छाती दाबदाबून स्वतःचे तळवे लाल करून घेतले होते. डॉक्टरांनी मानेला बोटं लावली, डोळ्याची पापणी उघडली, आणि ह्यांच्या पाठीवर हात ठेवला. तरी हे दाबतच होते. पोरीने त्यांचे हात धरले तेव्हा थांबले.

"माझा भाऊ खोटारडा नव्हता," हे म्हणाले. "रागात बोललो होतो मी. आकडा कधी सैल अडकवला नाही याने. एकदाही नाही. मग डोल पडली कशी?"

मी उभी होते. इतक्या वेळा सांगून झालेलं तेच पुन्हा एकदा आत कळलं, आणि आता त्याची काही घाई नव्हती.

"माझ्या हातातून दांडा सुटला होता," मी म्हटलं. "खुंटी मी नंतर घातली."

मुलांचा आवाज बंद झाला होता. बाईंनी खिडक्या लावून घेतल्या असाव्यात. हे माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला. कळल्यावर त्यांनी भावाचा सदरा, जो त्या खांद्यावरून ओघळला होता, तो वर ओढून नीट केला. त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

जाऊबाई म्हणाली, "हेच सांगायला येणार होतात?"

"हो."

"मग सकाळी का नाही आलात?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय होती. "पाणी लागलं होतं," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जशी नळावर कोणाचा नंबर आहे हे कळल्यावर हलवतात. मग ती नवऱ्याजवळ बसली आणि त्याच्या केसांतला पाचोळा काढायला लागली.

*

दुसऱ्या दिवशी मूठमाती दिली. कबर ह्यांनीच खणली, कोणाला कुदळीला हात लावू दिला नाही. पाळक बोलत होते तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. शनिवारपर्यंत वखारवाल्याच्या विहिरीत दोन परस पाणी चढलं. सगळी वस्ती तिथून भरते आहे, गोड पाणी आहे म्हणे. पोर एक कळशी घरी घेऊन आली. हे पाणी पितात, मी वाढलेलं जेवतात, माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी रहाट पाडून त्याची लाकडं मागच्या भिंतीला लावून ठेवली आहेत.

आज रविवार. पहाटे चुलीसमोर बसले होते, पीठ मळत होते. हात मनगटापर्यंत पिठात. आणि कळलं. जा, तिच्या दाराशी बस.

मला वाटलं होतं, आता तो मला पुन्हा कधी बोलावणार नाही. इतक्या वेळा कोण बोलावतो?

मी उठले. हात धुतले नाहीत. परात उघडी टाकली, चपला घातल्या नाहीत, ह्यांना सांगितलं नाही. पोर म्हणाली, "आई, कुठे?" तर तिलाही उत्तर दिलं नाही. वाटेत चर्चची घंटा झाली, लोक येत होते, माझ्या पिठाच्या हातांकडे बघत होते.

जाऊबाईने दार उघडलं. मला बघितलं. डोळे सुजलेले होते. मी काही बोलणार, तोवर तिने दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली. मी पायरीवर बसले.

घंटा थांबून बराच वेळ झाला आहे. हातांवरचं पीठ वाळून तडकलं आहे. मघाशी आतून भांड्याचा आवाज आला, मग रडण्याचा, मग काहीच नाही. ऊन माझ्या पायांपर्यंत आलं आहे आणि पायरी तापायला लागली आहे.

बस म्हणून सांगितलं आहे. ऊठ म्हणून अजून सांगितलेलं नाही.